कोंड्याचं तेल आणि हेक्झेनची वाफ

मी रायपूरहून बोलते आहे. इथल्या एका महाविद्यालयात ३२ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तात्यापाऱ्यात वाढले, म्हणजे जुन्या मराठी वस्तीत. आमचं मराठी मधूनमधून हिंदीच्या वाटेने जातं, तेवढं सांभाळून घ्या.

या मालिकेसाठी बोलायचं ठरलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. पुण्याच्या माझ्या नणंदेने फोनवर विचारलं होतं, "वहिनी, ते राईस ब्रान तेल म्हणे पेट्रोलने काढतात. तुमच्याकडेच बनतं ना ते? खरं आहे का?" मी म्हटलं, पेट्रोलने नाही, पण पेट्रोलच्या सख्ख्या भावाने काढतात. त्याचं नाव हेक्झेन. त्यावर तिने तेलाची पिशवीच बदलून टाकली. तिची काळजी मला समजते, फक्त ती चुकीच्या ठिकाणी लागली आहे असं माझं मत आहे. हेक्झेनची काळजी करायलाच हवी. कुठे करायची आणि कोणाची करायची, एवढाच आजचा विषय.

आधी तेलाकडे जाऊ. छत्तीसगढला 'धान का कटोरा' म्हणतात, हे तुम्ही ऐकलं असेल. नागपूरहून हावडा लाईनने निघालात की भंडारा-गोंदियापासूनच भातगिरण्या दिसायला लागतात, आणि राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, पुढे धमतरीपर्यंत त्या संपत नाहीत. सरकारी भरडाईत १०० किलो धानाचा ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो, उसना म्हणजे तुमचा उकडा असेल तर ६८ किलो. उरलेल्यात २० किलोच्या आसपास तूस, जी जाळायला जाते, आणि सात-आठ किलो कोंडा. तांदळाला पॉलिश करताना निघणारी ती तपकिरी, जरा गोडसर वासाची पूड. छत्तीसगढीत तिला कोढ़ा म्हणतात. पूर्वी हा सगळा गुराढोरांना जायचा. त्यात १५ ते २० टक्के तेल असतं, उसन्याच्या कोंड्यात आणखी थोडं जास्त.

पण हे तेल फार घाईचं आहे. अख्ख्या दाण्यात तेल एका थरात असतं आणि त्या तेलाला तोडणारं लायपेज नावाचं विकर दुसऱ्या थरात. दोघांची भेट होत नाही. गिरणीत दाणा घासला गेला की दोघे एकाच पुडीत येतात आणि लायपेज लगेच कामाला लागतं. तासातासाला तेलातलं आम्ल वाढत जातं. दोन-चार दिवस पोत्यात पडलेल्या कोंड्याचं तेल मग खाण्यापेक्षा साबणाच्या कामाचं. म्हणून कोंडा ताजा असतानाच कारखान्यात पोचवायची धडपड असते, किंवा त्याला वाफेवर तापवून विकर मारून टाकतात.

तुम्ही म्हणाल, घाण्यावर का नाही काढत? शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, तिथे घाणा चालतो. दाबून काढलं तरी पेंडीत सहा-आठ टक्के तेल राहतंच. शेंगदाण्याला तेवढं परवडतं, पेंडही चविष्ट होते. कोंड्यात मुळात तेल कमी आणि तो पिठासारखा बारीक. घाण्यात घातला तर निम्मं तेल आतच राहील. सोयाबीनचीही तीच गोष्ट. लातूर, अकोल्याकडचे श्रोते असतील तर त्यांना हे नवीन नाही. तिथले सॉल्व्हंट प्लांट सोयाबीनवर चालतात, आमचे कोंड्यावर. द्रवाने धुऊन काढलं की मागे जेमतेम एक टक्का तेल राहतं.

आता तो द्रव. हेक्झेन म्हणजे सहा कार्बनची सरळ साखळी, भोवती १४ हायड्रोजन. बास. ना रंग, ना चव, वास पेट्रोलसारखा पण जरा सौम्य. कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात मिळतो. मुंबईत माहुलला जी रिफायनरी आहे, तिच्या उत्पादनांत खाद्यतेलासाठीचं हेक्झेनही आहे. त्यातून बेंझीनसारखी घातक मंडळी बाजूला काढलेली असतात. कारखान्यातलं हेक्झेन शंभर टक्के शुद्ध नसतं. सरळ साखळीचं हेक्झेन साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त, बाकी त्याचीच फांद्या फुटलेली भावंडं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या प्रयोगशाळेत हेक्झेन रोजचं. टीएलसीच्या पट्ट्या चालवायला इथिल ॲसिटेटबरोबर, कॉलममध्ये, काचेवरचं ग्रीस घालवायला. आणि सॉक्सलेट. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७९ साली दुधातली चरबी मोजण्यासाठी काचेचं एक उपकरण सांगितलं. खाली द्रव उकळतो, वर थंड होऊन पुडीवर ठिबकतो, पुडीतलं तेल घेऊन खाली येतो, पुन्हा उकळतो. मुली त्यात कोंडा घालून तासन्‌तास बसायच्या. संध्याकाळी चंबूतलं हेक्झेन उडवलं की तळाला पिवळं तेल. तेव्हा त्यांना मी सांगायची, शहराबाहेरचा तो उंच कारखाना म्हणजे हेच उपकरण, फक्त टनांच्या हिशेबात.

हेक्झेनच का, हे चार आकड्यांत सांगते. ते ६९ अंशाला उकळतं, म्हणजे पाण्याच्याही बरंच आधी. एक किलो हेक्झेनची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सातपट एक किलो पाण्याला लागते. त्यामुळे तेलातून त्याला हाकलणं स्वस्त. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही. लिटरभर पाण्यात फक्त १० मिलिग्रॅमच्या आसपास. आणि पाण्याच्या दोन-तृतीयांश घनतेचं, म्हणून पाण्यावर तरंगतं आणि सहज वेगळं करता येतं. तेलाशी मात्र कोणत्याही प्रमाणात एकजीव.

त्याच्या आधीचे द्रव पाहिले तर हेक्झेनला लोकांनी का जवळ केलं ते कळतं. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये कार्बन डायसल्फाइडने तेल काढायला सुरुवात झाली. ते विषारी आणि हेक्झेनपेक्षाही लवकर पेटणारं. बेंझीन वापरून झालं, ते रक्ताचा कर्करोग करतं. ट्रायक्लोरोइथिलीन पेटत नाही म्हणून मोठ्या आशेने सोयाबीनवर वापरलं, तर ती पेंड खाऊन युरोप-अमेरिकेत गुरं मेली. त्यांच्या अस्थिमज्जेत रक्त बनायचंच थांबलं. या रांगेत हेक्झेन सज्जन वाटतं.

मी अशा एका कारखान्यात मुलींना घेऊन गेले आहे. फाटकावरच मोबाइल, काड्यापेटी, लायटर जमा. आत येणाऱ्या ट्रकच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी. हातोडे-पाने पितळी, लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी नको म्हणून. कोंड्याच्या आधी गोळ्या करतात, नाहीतर त्या पिठातून द्रव झिरपतच नाही. गोळ्या पट्ट्यावरून पुढे सरकतात, वरून हेक्झेनचा शॉवर. तेल आणि हेक्झेनच्या मिश्रणाला धंद्यात मिसेला म्हणतात. मिसेला तापवून, व्हॅक्यूमखाली, हेक्झेन उडवून घेतात आणि थंड करून परत टाकीत. तेल निघालेला कोंडा डीटी नावाच्या उंच पिंपात जातो. तिथे थेट वाफ सोडून त्यात भिनलेलं हेक्झेन हाकलतात. मग तो पशुखाद्याला जातो. तेच हेक्झेन फिरत राहतं, सॉक्सलेटसारखंच. जेवढं उडून जाईल तेवढं नवीन घालायचं.

आता नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर. बाटलीत हेक्झेन असतं का? सॉल्व्हंटने काढलेलं तेल रिफाइन केल्याशिवाय माणसाला खायला विकता येत नाही, हा नियम आहे. रिफाइन करताना शेवटी तेल व्हॅक्यूमखाली २२० अंशांच्या वर तापवतात आणि त्यातून वाफ सोडतात. ६९ अंशाला उकळणारा पदार्थ तिथे किती टिकेल? एफएसएसएआयची मर्यादा ५ पीपीएम, म्हणजे किलोभर तेलात जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम. युरोपात ती १ मिलिग्रॅम आहे, आणि आपली मर्यादाही तिथवर यायला हरकत नाही असं मला वाटतं. तरी आपलाच वरचा आकडा धरू. माणसाने दिवसाला ३० ग्रॅम तेल खाल्लं तर पोटात जाईल ०.१५ मिलिग्रॅम.

हा ०.१५ आकडा बाजूला लिहून ठेवा.

आता ते तेल काढणाऱ्या माणसाकडे चला. हवेत सरळ साखळीचं हेक्झेन ५० पीपीएमच्या वर नसावं, अशी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. ५० पीपीएम म्हणजे एका घनमीटर हवेत १७६ मिलिग्रॅम. अंगमेहनत करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे सुरक्षित मानलेल्या हवेतसुद्धा त्याच्या छातीत दिवसाला सुमारे १,७६० मिलिग्रॅम हेक्झेन जातं. सगळं शरीरात राहत नाही, बरंचसं श्वासाबरोबर परत बाहेर येतं. पण जे आत गेलं ते तुमच्या-माझ्या तेलातल्या कमाल मात्रेच्या ११,००० पटींहून जास्त आहे. आणि हे सगळं नियमात बसणाऱ्या हवेत. अमेरिकेची कायदेशीर मर्यादा तर ५०० पीपीएम आहे, दहापट. शिफारस आणि कायदा यांत एवढं अंतर कसं, तर कायद्याचा आकडा जुना आहे.

म्हणून मी म्हणते, पिशवी बदलून काही साधत नाही. तेल खाणाऱ्याला हेक्झेनची भेट जवळजवळ होतच नाही. भेट होते ती पंपाच्या गळक्या सीलजवळ उभ्या असलेल्या माणसाची.

त्याला धोके दोन. एक क्षणात होणारा, एक महिन्यांनी कळणारा.

पहिला आगीचा. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट उणे २२ अंश आहे. त्या थंडीतही त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफ जमते. रायपूरला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. २० अंशाला हेक्झेनच्या वाफेचा जो दाब असतो, त्याच्या पावणेतीन पट ४५ अंशाला होतो. आणि वाफ परत द्रव करणाऱ्या कंडेन्सरचं पाणीही तेव्हा कोमट. म्हणजे ज्या महिन्यात वाफ जास्त, त्याच महिन्यात तिला पकडणारा हात ढिला.

हवेत हेक्झेनची वाफ १.१ टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असेल तर स्फोट होतो. १.१ टक्का ऐकायला थोडा वाटतो, म्हणून हिशेब करून पाहा. एक लिटर हेक्झेन सांडलं की त्याची सुमारे १८५ लिटर वाफ होते. ती १७ घनमीटर हवा स्फोटक करायला पुरते. आठ बाय नऊ फुटांची, नेहमीच्या उंचीची एक खोली. दुधाची एक पिशवी सांडावी एवढ्यात. शिवाय ही वाफ हवेच्या तिप्पट जड. ती छताला जात नाही, खिडकीतून पळत नाही. जमिनीवरून पाण्यासारखी वाहते, पायऱ्या उतरते, खड्ड्यात, केबलच्या नाल्यात, गटारात जाऊन बसते.

गटारात बसली तर काय होतं ते अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराने पाहिलं आहे. १३ फेब्रुवारी १९८१ची पहाट. तिथल्या राल्स्टन प्युरिना कंपनीच्या सोयाबीन कारखान्यातून हेक्झेन शहराच्या गटारांत उतरलं होतं. कामावर निघालेल्या दोन बायकांची मोटार एका रेल्वे पुलाखालून जात होती, तिची ठिणगी त्या वाफेला मिळाली आणि रस्त्याखालची गटारं ओळीने फुटत गेली. मॅनहोलच्या जागी खड्डे पडले. पहाटेची वेळ म्हणून कोणी मेलं नाही, चार जण जखमी झाले. कारखान्यापासून दूर, ज्यांचा तेलाशी काही संबंध नव्हता त्यांच्या दारात हे झालं. आमच्याकडे कारखान्यांना लागून वस्त्या आहेत, पानठेले आहेत, चुली पेटलेल्या आहेत. सांडपाणी बाहेर सोडण्याआधी त्यावर तरंगणारं हेक्झेन वेगळं करणारी टाकी असते, तिच्याकडे नीट लक्ष आहे की नाही हा शेजाऱ्यांनीही विचारायचा प्रश्न आहे.

ठिणगीच हवी असंही नाही. हेक्झेनची वाफ सुमारे २२५ अंशांच्या पृष्ठभागाला लागली तर आपोआप पेटते. आणि ठिणगी दिसायलाच हवी असंही नाही. हेक्झेनमधून वीज वाहत नाही. ते पाइपातून वेगाने धावलं किंवा प्लास्टिकच्या डब्यात वरून ओतलं की स्थिर विद्युत साठते. हिवाळ्यात स्वेटर काढताना कडकड होते ना, तीच. तेवढी हेक्झेनला पुरेशी. म्हणून टँकर रिकामा करताना आधी जमिनीला जोडलेली तार लावायची, मग पाइप. हा क्रम कधीही उलटा नाही.

एक गोष्ट मुलींना नेहमी उलटी वाटायची. भरलेली टाकी जास्त धोक्याची की रिकामी? २० अंशाला बंद टाकीत द्रवाच्या वर हेक्झेनची वाफ सुमारे १६ टक्के असते. साडेसातच्या वर, म्हणजे तिथे हवाच अपुरी, आत पेट घेणार नाही. टाकी रिकामी केली, झाकण उघडलं, हवा आत आली की ती १६ वरून खाली उतरत साडेसात ते एक या पट्ट्यात शिरते. नेमका तेव्हाच माणूस वेल्डिंगचा सेट घेऊन दुरुस्तीला येतो. म्हणून प्लांट धडधडत चालू असतो त्यापेक्षा बंद करताना, साफ करताना आणि पुन्हा सुरू करताना जास्त जपावं लागतं. वाफ सोडून धुऊन काढायचं, मीटरने मोजायचं, मग परवानगीचा कागद, मग ठिणगी. हंगामाच्या घाईत पहिली कात्री मोजण्याला लागते.

हेक्झेन कायद्याने पेट्रोलियमच आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याखाली त्याचा वर्ग 'अ', म्हणजे २३ अंशांच्या आत वाफ पेटणारा. साठ्याचा परवाना देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. आपल्या मराठी मुलुखातल्या एका कार्यालयातून देशभरातल्या अशा टाक्यांचे नकाशे मंजूर होतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता दुसरा धोका. हा आवाज करत नाही.

१९६०च्या दशकात जपानमध्ये घराघरांत प्लास्टिकच्या चपला चिकटवण्याचा उद्योग चालायचा. डिंकात हेक्झेन. बंद खोली, हिवाळा, दारं-खिडक्या लावलेल्या. त्या कामगारांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, मग चालताना पाऊल लोंबायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी धागा पकडला. नंतर कॅलिफोर्नियात गॅरेजमधल्या मेकॅनिकांना तेच झालं, ब्रेक साफ करायच्या स्प्रेमधून. आपल्या देशात स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या कामगारांतही असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. २००९ साली चीनमधल्या सुचोऊच्या विंटेक कारखान्यात मोबाइलच्या काचा पुसायला अल्कोहोल वापरत होते, ते बदलून हेक्झेन आणलं. कारण? ते लवकर वाळतं, तासाला जास्त काचा होतात. १३७ कामगार बाधित झाल्याचं ॲपल कंपनीने २०११च्या आपल्या अहवालात मान्य केलं. ज्या गुणासाठी आणलं, लवकर उडणं, त्याच गुणामुळे ते त्यांच्या छातीत गेलं.

आत नेमकं होतं काय? यकृत हेक्झेनला बाहेर काढण्यासाठी त्याला ऑक्सिजन जोडतं. साखळीच्या दोन्ही बाजूंनी, दुसऱ्या आणि पाचव्या कार्बनवर. तयार होतं ते २,५-हेक्झेनडायोन. त्यातल्या दोन टोकांमधलं अंतर असं काही जमून येतं की ते मज्जातंतूच्या आतल्या प्रथिनांना चिमट्यासारखं पकडतं आणि एकमेकांना जखडतं. मज्जातंतू म्हणजे लांब नळी, तिच्यातून सामान पुढे सरकत असतं. मध्ये गाठी झाल्या की टोकाला माल पोचत नाही. सगळ्यात लांब नळी कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाते, म्हणून सुरुवात बोटांपासून. मोजे घालावेत तशी बधिरता वर चढते, नंतर हातमोजे घालावेत तशी हातांना. फांद्या फुटलेल्या भावंडांपासून हा चिमटा तसा बनत नाही. सरळ साखळीचं प्रमाण किती, याला महत्त्व आहे ते म्हणून. आणि कामात मिथिल इथिल कीटोन नावाचा दुसरा द्रव सोबत असेल तर हाच त्रास वाढतो.

यातलं वाईट असं की काम सोडलं तरी दुखणं पुढचे काही आठवडे, कधी दोन-तीन महिने वाढतच जातं. माणूस म्हणतो, आता तर मी तिथे जातही नाही, मग हे हेक्झेनचं कसं असेल? हलका त्रास महिन्यांत भरून येतो, जास्त झालेला वर्ष-दोन वर्षं घेतो, आणि काहींच्या पायात थोडी कमजोरी कायमची राहते.

पायाला मुंग्या म्हटलं की आपल्याकडे डॉक्टर साखर बघतात, बी-ट्वेल्व्ह बघतात. बघायलाच हवं. पण १७०० साली इटलीच्या रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून एक साधा प्रश्न डॉक्टरांना सांगितलेला आहे, रोग्याला त्याचा धंदा विचारा. तो विचारला गेला नाही तर तुम्ही आपणहून सांगा. "मी सॉल्व्हंट प्लांटमध्ये आहे, हेक्झेनवर काम करतो" एवढं वाक्य पुरे. नसांची तपासणी होते, आणि लघवीत २,५-हेक्झेनडायोन मोजता येतं. पाळी संपताना, आठवड्याच्या शेवटी नमुना दिला तर त्या आठवड्यात किती आत गेलं ते कळतं.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच प्लांटच्या प्रयोगशाळेत आहे. तो सांगतो, हाताला ग्रीस लागलं की चिंधी हेक्झेनमध्ये बुडवून पुसायची, ही जुन्या माणसांची सवय. कातडीतून फारसं आत जात नाही, कातडी कोरडी पडून भेगाळते एवढंच. पण ती चिंधी नाकापासून हातभर अंतरावर असते. वासावरही भरवसा ठेवता येत नाही, कारण काही मिनिटांत नाकाला सवय होते. "आता वास येत नाही" याचा अर्थ वास गेला असा नाही.

त्याच विद्यार्थ्याने मला एक गोष्ट दाखवली, ती मला फार मोलाची वाटते. प्रत्येक प्लांटमध्ये हेक्झेनच्या घटीचा हिशेब ठेवतात. टनामागे किती लिटर गेलं. मालकाला ती पैशाची गळती वाटते, आणि आहेच. पण समजा प्लांट दिवसाला २०० टन कोंडा घेतो आणि टनामागे घट ४ लिटर आहे. म्हणजे रोज ८०० लिटर हेक्झेन कुठेतरी गेलं. थोडं पेंडीबरोबर, थोडं पाण्याबरोबर, बाकीचं हवेत. मागच्या महिन्यात ४ होते आणि या महिन्यात ६ झाले, तर वाढलेले ४०० लिटर कोणाच्या तरी नाकासमोरून गेले आहेत. कारखान्यात गॅस मोजणारे यंत्र दोन-चार जागी असतील, तेही चालू असतील तर. ही वही मात्र रोज, अगदी काटेकोरपणे भरली जाते, कारण तिच्यात पैसा आहे. कामगारांच्या आरोग्याची नोंद इतकी काटेकोर मी पाहिलेली नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा घातक द्रव्यांवर काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्या कामगाराला पाहता आल्या पाहिजेत, हेही त्यात आलं. त्या दोन वह्या शेजारी ठेवून कोणी वाचल्या तर पुष्कळ काही दिसेल. तुमचा भाऊ, भाचा अशा ठिकाणी लागला असेल तर त्याला दोन्ही विचारायला सांगा. घटीचा आकडा सुपरवायझर सांगेल, त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नाही.

शेवटी, दुसरा द्रव नाही का? आहे. हेप्टेन, म्हणजे सात कार्बन. त्याच्यापासून तो चिमटा फारच कमी बनतो. पण ते ९८ अंशाला उकळतं, म्हणजे कारखान्यात प्रत्येक टनामागे जास्त कोळसा, जास्त वेळ, आणि आगीचा धोका थोडा कमी झाला तरी जात नाही. फांद्यावाली भावंडं, म्हणजे आयसोहेक्झेन, वापरता येतात, पण वेगळी काढायची म्हणजे महाग. इथेनॉलवरही काम चालतं, ते तेलाला हेक्झेनइतकं सहज विरघळवत नाही आणि पाणी धरून ठेवतं. त्यामुळे कारखाने इतक्यात बदलतील असं मला वाटत नाही. तिथे पंपाचं सील, कंडेन्सर, पंखा आणि ती वही, यांवरच भर द्यावा लागेल.

प्रयोगशाळेत मात्र बदलता येतं. निवृत्तीच्या आधी शेवटची तीन वर्षं आमच्या विभागात टीएलसीसाठी हेप्टेनच मागवत होतो. बाटली महाग पडायची, लेखा विभाग दर वेळी कारण विचारायचा, आणि दर वेळी मी तेच कारण लिहून द्यायची. पट्टी वाळायला थोडा वेळ जास्त लागायचा, तेवढ्यात मुलींची वही लिहून व्हायची.